मुलगी ‘व्हिज्युअल लर्नर’ आहे. तिला गणित चित्रांतूनच शिकवावं का?

नाही, फक्त चित्रांतून नको. तुमच्या सातवीतल्या मुलीला शिक्षक ‘व्हिज्युअल लर्नर’, म्हणजे चित्रांतून चांगलं शिकणारी, म्हणतात; ती शाब्दिक उदाहरणाला चित्र काढते आणि तरीही उत्तर चुकतं, असं तुम्ही लिहिलंय. मग ती कसलं चित्र काढते ते आधी पाहा.

मेरी हेगार्टी आणि मारिया कोझेव्हनिकोव्ह यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात डब्लिनमधल्या साधारण बारा वर्षांच्या मुलांची कागदावरची आणि मनातली चित्रं तपासली होती. काही मुलं वस्तूचं रूप रेखाटत, काही राशींमधला, म्हणजे उदाहरणातल्या आकड्यांमधला, संबंध. संबंध दाखवणाऱ्यांची उत्तरं जास्त बरोबर येत. रूपात रमणाऱ्यांची उलट जास्त चुकत.

उदाहरणार्थ, ६० मीटर रस्त्याच्या एका कडेला, दोन्ही टोकांसकट, दर १२ मीटरवर झाड लावायचं. झाडं किती? पानं-फांद्या काढणारं मूल ६० ÷ १२ = ५ लिहून मोकळं होतं. एक रेघ ओढून ०, १२, २४, ३६, ४८, ६० अशा खुणा केल्या की अंतरं ५ आणि झाडं ६ हे समोर दिसतं. म्हणून तिला सांगा: झाड म्हणजे एक टिंब, पण प्रत्येक आकडा चित्रात आलाच पाहिजे.

पुढची अडचण चित्रातून समीकरणाकडे जाताना येते, आणि खरा वेळ इथेच द्या. टाकी ३/५ भरली आहे, आणखी ८० लिटर ओतल्यावर पूर्ण भरते. टाकीऐवजी एक लांबट पट्टी काढा, तिचे ५ समान भाग करा, ३ रंगवा. उरलेले २ भाग म्हणजे ८० लिटर, एक भाग ४०, टाकी २०० लिटरची. लगेच त्याच पानावर, पूर्ण टाकी क्ष लिटर मानून, २क्ष/५ = ८० लिहायला लावा आणि विचारा, ‘यातला २क्ष/५ पट्टीत कुठे आहे?’ बोट ठेवता आलं नाही तर पट्टी आणि समीकरण तिच्या डोक्यात अजून वेगवेगळी आहेत. नंतर उलटं करा: क्ष + ३क्ष = ४८ द्या आणि पट्टी काढायला सांगा. एका दिशेने जमणारी पुष्कळ मुलं दुसऱ्या दिशेने अडतात.

भूमितीत चित्रप्रेमी मुलं एकाच आकृतीत अडकतात. त्रिकोण नेहमी लघुकोनच काढला, की शिरोलंब आतच असतो असं वाटू लागतं. विशालकोन त्रिकोणात दोन शिरोलंब बाहेर पडतात. लघुकोन, काटकोन, विशालकोन असे तिन्ही काढल्याशिवाय विधान मान्य करू नका.

शिक्षकांनी लावलेल्या शिक्क्याला मी फार महत्त्व देणार नाही. सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ क्रुतेत्स्की यांना गणितात हुशार मुलांमध्ये विश्लेषणाकडे झुकणारी, चित्रांकडे झुकणारी आणि दोन्ही सहज वापरणारी, अशी सगळीच आढळली. आवड खरी असते. पण मुलाच्या शिकण्याच्या शैलीनुसार शिकवलं की जास्त येतं, या दाव्याला भक्कम पुरावा नाही, असं हॅरल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांच्या २००८ च्या आढाव्यात निघालं.

शिवाय प्रत्येक चित्राला मर्यादा असते. ऋण संख्या पट्टीवर बसत नाहीत, तिथे संख्यारेषा घ्या. (−३) × (−४) ला तीही सहज पुरत नाही. तिथे २ × (−४) = −८, १ × (−४) = −४, ० × (−४) = ० असं एकाखाली एक लिहून, उत्तर दर ओळीला ४ ने वाढतंय हे तिलाच ओळखू द्या आणि पुढच्या तीन ओळी तिच्याकडून लिहून घ्या.