हर्निया म्हणून उघडलं, निघाली फुगलेली शीर

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. जांघेतली गाठ हर्निया समजून उघडली, टेबलावरच रक्तस्राव झाला आणि मग कळलं की तो पायाच्या वरवरच्या मोठ्या शिरेचा फुगवटा होता. पाच दिवसांनी दुसऱ्या शहरात पुन्हा शस्त्रक्रिया. १४ महिने झाले, पाय अजून सुजतो. तुम्ही विचारता, ‘हा हलगर्जीपणा नाही तर काय?’

तुमचा संताप रास्त आहे. पण नुसतं निदान चुकलं म्हणून तक्रार टिकत नाही. असा फुगवटा दुर्मीळ असतो आणि हुबेहूब हर्नियासारखा वागतो: उभं राहिलं की वर येतो, आडवं झालं की बसतो. २००५च्या जेकब मॅथ्यू निकालात सर्वोच्च न्यायालयाने लावलेली कसोटी अशी, की त्या विषयातला सर्वसाधारण कुशल डॉक्टर घेईल तेवढी काळजी घेतली होती का. तुमच्या पत्रातलं एक वाक्य म्हणूनच मला मोलाचं वाटलं: त्याच पायावर फुगलेल्या शिरा आधीपासून दिसत होत्या. मग चाकू लावण्याआधी कलर डॉपलर का केला नाही? शिरांमधला रक्तप्रवाह दाखवणारी, सुईसुद्धा न टोचता होणारी सोनोग्राफी आहे ती. तुमची सगळी बाजू या प्रश्नावर उभी आहे.

संमतीपत्र हर्नियाचं होतं आणि डॉक्टरांनी शीर बांधली, हा मुद्दा मात्र पुढे रेटू नका. रक्त थांबवणं जीव वाचवण्यासाठी आवश्यक होतं, असं उत्तर येईल आणि ते ग्राह्य धरलं जाईल.

आजच पहिल्या रुग्णालयाकडे सगळ्या केसपेपरची लेखी मागणी करा आणि पोच घ्या. नियमाप्रमाणे ७२ तासांत नकला मिळायला हव्यात. शस्त्रक्रियेची नोंद, भूलतज्ज्ञाचा कागद, पहिल्या तपासणीची चिठ्ठी, काहीही सोडू नका. मग हे कागद तिसऱ्याच, या प्रकरणाशी संबंध नसलेल्या रक्तवाहिनी शल्यविशारदाला दाखवून लेखी मत घ्या. त्या मताशिवाय मी स्वतः अशी तक्रार दाखल करत नाही.

तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात जाईल. तुम्ही ३० लाखांची भरपाई मागणार असलात तरी तिथेच, कारण २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात कोणत्या आयोगात जायचं ते ठरतं तुम्ही भरलेल्या बिलावरून. तुमच्या ९५ हजारांच्या बिलाला आयोगाची फीही नाही. मुदत दोन वर्षांची, म्हणजे तुमच्या हातात दहा महिने आहेत.

आणि सूज अंगावर काढू नका. आताचा डॉपलर लगेच करून घ्या. उपचारालाही तो लागेल आणि आयोगापुढेही.