मुलाला पुढे सायकोसिस होईल का, हे आधी ओळखता येतं का?

दिराला स्किझोफ्रेनिया आहे आणि तुमचा 17 वर्षांचा मुलगा हल्ली दार लावून बसतो, म्हणून विचारताय. सायकोसिस म्हणजे भास आणि संशय इतके पक्के होणं की खरं काय ते कळेनासं होतं; स्किझोफ्रेनिया हा त्यातलाच आजार. तो पुढे होईल का, हे खात्रीने सांगता येत नाही. रक्ततपासणीत दिसत नाही, एमआरआयत दिसत नाही, पत्रिकेत तर नाहीच नाही.

आमच्याकडे हाच प्रश्न गेली 9 वर्षं उलटा विचारतात: तुम्हाला आधी कसं कळलं नाही? धाकटा भाऊ सांगलीत इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. आधी तबला सुटला, मग मित्र, मग आंघोळ. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी आली. एका रात्री मी भांडी विसळत होते, तर ओट्यापाशी येऊन म्हणाला, "ताई, समोरचे माझ्याबद्दल बोलतायत का गं? की मलाच वाटतंय?" मी हसले. म्हटलं, तू कोण लागून गेलास एवढा! तोही हसला. 14 महिन्यांनी ॲडमिट केलं तेव्हा ते 'की मलाच वाटतंय' उरलं नव्हतं.

डॉक्टर जास्त धोका म्हणतात तो बहुतेक वेळा असाच असतो. संशय, भास सुरू झालेले, पण त्याची त्यालाच खात्री नाही. कुणाला काही दिवस ठळक भास होतात आणि आपोआप थांबतात. कुणाच्या आईवडिलांना किंवा भावंडाला आजार असतो आणि वर्षभरात अभ्यास, वागणं सगळं घसरतं. 1990च्या दशकात मेलबर्नमध्ये पॅट्रिक मॅकगोरी, ॲलिसन युंग या मानसोपचारतज्ज्ञांनी हे निकष बांधले. त्यांत बसलेल्यांपैकीही 3 वर्षांत साधारण 4 जणांत एकालाच सायकोसिस होतो.

हा आकडा मी आत्यासाठी पाठ केलाय. "आईचं लक्ष असतं तर पोरगं हाताशी राहिलं असतं," हे ती प्रत्येक कार्यात चार बायकांत बोलते. (पोरगं नोकरी करतंय, पण ते असो.) निकष घेऊन बसलेल्या तज्ज्ञांचे 4 पैकी 3 अंदाज चुकतात, तिथे दहावी शिकलेल्या माझ्या आईने काय ओळखायचं? आणि त्याच दिवाळीत "एकलकोंडा झालाय, लग्नाचं बघा" म्हणणारी कोण होती?

तुमच्या मुलाचं म्हणाल तर सख्खं भावंड किंवा आईवडिलांपैकी एक आजारी असेल तर धोका 100 मध्ये 10च्या आसपास. काकाचं नातं त्याहून बरंच लांबचं. दार लावणं सोडा, 17व्या वर्षी सगळेच लावतात. तो पूर्वीच्या स्वतःपेक्षा किती बदललाय ते बघा. गांजा ओढत असेल तर तो आधी बंद. आणि उगाच खबरदारी म्हणून गोळ्या सुरू करू नका, आधी समुपदेशन.

मी डॉक्टर नाही, हे वर लिहायला हवं होतं. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा असेल तर माझं उत्तर वाचत बसू नका, आजच घेऊन जा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 रात्रीही लागतो. आणि त्याने असलं काही विचारलं तर हसू नका. हे मी आत्यासमोर कधी कबूल केलेलं नाही. तिला वाटतं चूक आईची.