संगणक-शंका : प्रोसेसर रिकामा, तरी मशीन का अडतं?

प्रश्न : सोसायटीच्या कार्यालयातल्या डेस्कटॉपला ४ जीबी रॅम आणि जुनी हार्ड डिस्क आहे, विंडोज १०. मेंटेनन्सची एक्सेल शीट आणि ब्राउझरचे दहा-बारा टॅब उघडले की माउससुद्धा अडखळतो. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर मात्र जेमतेम १५ टक्के दिसतो. दुरुस्तीवाला दर सहा महिन्यांनी फॉरमॅट मारून देतो. खरा दोष कुठे आहे?
– एक सचिव, कोपरखैरणे

उत्तर : तो १५ टक्क्यांचा आकडाच दोष सांगतो आहे. प्रोसेसर रिकामा नाही, खोळंबला आहे.

प्रत्येक चालू प्रोग्रॅमला आपली वेगळी, ऐसपैस मेमरी आहे असं ऑपरेटिंग सिस्टिम भासवते. प्रत्यक्षात ही मेमरी ४ केबीच्या पेजेसमध्ये विभागलेली असते आणि कोणतं पेज कुठे ठेवलंय याची नोंद पेज टेबलमध्ये असते. रॅम भरली की बराच वेळ न लागलेली पेजेस डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये जातात. त्यातलं एखादं पुन्हा लागलं की ते येईपर्यंत प्रोग्रॅम थांबतो. रॅमला त्यासाठी साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, फिरत्या हार्ड डिस्कला सुमारे १० मिलिसेकंद. फरक लाखपट! वाशीच्या मार्केटात गाळा छोटा आणि गोदाम लांब असेल, तर हमाल पोती वाहून दमतो आणि शेठ गादीवर बसून राहतो, तसंच हे. या अवस्थेला थ्रॅशिंग म्हणतात.

खात्री करून घ्या. मशीन अडलेलं असतानाच कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. परफॉर्मन्समध्ये डिस्क १०० टक्क्यांना चिकटलेली आणि मेमरी ९० च्या वर असेल, तर खाली रिसोर्स मॉनिटर उघडून मेमरीच्या टॅबमधला हार्ड फॉल्ट्सचा (पेज डिस्कवरून परत आणावं लागण्याच्या वेळांचा) आलेख पाहा. मधूनच उसळी येते ती चालते; सतत सेकंदाला शेकडो फॉल्ट असतील तर निदान पक्कं.

आधी स्टार्टअपमधले, म्हणजे मशीन सुरू होताच आपोआप चालू होणारे, नको ते प्रोग्रॅम बंद करा. फॉरमॅटनंतर काही दिवस बरं वाटतं ते बहुतेक याचमुळे : ते प्रोग्रॅम नसतात, मग एकेक करून परत येतात. नंतर रॅम ८ जीबी करा. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक केलं की रॅमचे किती स्लॉट वापरात आहेत ते दिसतं. डीडीआर ३ ची पट्टी डीडीआर ४ च्या स्लॉटमध्ये बसत नाही, खाच वेगळी असते. जुनी पट्टी दुकानात सोबत न्या. एक गोष्ट मात्र खरेदीपूर्वीच पाहा : विंडोज ३२-बिट असेल तर ४ जीबीच्या पुढची रॅम वाया जाईल. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग अबाउट, तिथे ते लिहिलेलं असतं. आणि कुणी सांगितलं तरी पेजफाइल शून्य करू नका. मग प्रोग्रॅम हळू चालण्याऐवजी न जतन केलेल्या कामासकट बंद पडतात.

प्रश्न : प्रोग्रॅम आणि प्रोसेस यांत फरक काय?
– प्रथम वर्षाची विद्यार्थिनी, ऐरोली

उत्तर : प्रोग्रॅम म्हणजे डिस्कवर पडून असलेली फाइल, ती चालू झाली की प्रोसेस. विंडोज १० मध्ये नोटपॅड दोनदा उघडा आणि टास्क मॅनेजरचा डिटेल्स टॅब पाहा : फाइल एकच, पीआयडी (प्रत्येक प्रोसेसचा ओळख क्रमांक) दोन. तिथेच शंभरावर प्रोसेस दिसतील, त्या चालवणारे प्रोसेसरचे कोअर मात्र मोजकेच. ऑपरेटिंग सिस्टिममधला शेड्युलर एकेकीला काही मिलिसेकंदांची पाळी देतो. पाळी संपली की टायमरचा इंटरप्ट (काम मध्येच थांबवणारा इशारा) ताबा परत ऑपरेटिंग सिस्टिमकडे आणतो. म्हणूनच एखादा प्रोग्रॅम अनंत लूपमध्ये अडकला तरी तुम्ही तो बंद करू शकता.

प्रश्न : पेन ड्राइव्हवर २० जीबी मोकळी आहे, तरी ५ जीबीचा लग्नाचा व्हिडिओ कॉपी होत नाही.
– एक वाचक, पाचपाखाडी, ठाणे

उत्तर : ड्राइव्ह फॅट ३२ या फाइल साठवण्याच्या जुन्या पद्धतीत आहे. त्यात फाइलचा आकार ३२ बिटांत नोंदतात, म्हणून ४ जीबीला एक बाइट कमी ही एका फाइलची कमाल मर्यादा. आतला डेटा दुसरीकडे काढून एक्सफॅट या नव्या पद्धतीत फॉरमॅट करा. व्हिडिओ जुन्या टीव्हीवर लावायचा असेल तर आधी तो टीव्ही एक्सफॅट वाचतो का ते पाहा. नसेल तर व्हिडिओचे दोन भाग करणं सोपं.