नवी बॅटरी टाकूनही सेल मारला की नुसता 'टक' होतो आणि गाडी चालू होत नाही, काय बदलू?

बॅटरी नवी, हॉर्न खणखणीत, हेडलाइट लख्ख, आणि सेल दाबला की 'टक' होऊन मीटरसकट सगळा अंधार. गॅरेजवाला म्हणतोय स्टार्टर मोटर बदला, नाहीतर ईसीयू (गाडीचा इलेक्ट्रॉनिक कंट्रोल बॉक्स). तुम्ही इतक्यात दोन्ही बदलू नका. आधी बॅटरीच्या मायनसची काळी तार कुठे जाते ते शोधा.

याच दुखण्यापायी माझा २०२३ चा अर्धा पावसाळा गेला, म्हणून सविस्तर लिहितो.

आम्ही चिपळूणचे. बाबांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा माझी बाइक त्या दुकानातच उभी होती. पाणी ओसरल्यावर शटर वर केलं, तर गाडी आडवी पडलेली आणि टाकीपर्यंत गाळ. भावोजी मदतीला आले होते, गाळ उपसायला आमच्या बरोबरीने राबले. पण गाडी बघून म्हणाले, "पाण्यात गेलेली गाडी म्हणजे गेलीच. भंगारवाला देईल ते घे आणि मोकळा हो." बाबा फावडं बाजूला ठेवून म्हणाले, "विहिरीतली मोटार जन्मभर पाण्यातच चालते की! पाणी आत राहू दिलं नाही तर तांब्याला काही होत नाही."

आम्ही दोघांनी ती गाडी चार दिवसांत उभी केली. प्लग काढून सिलिंडरमधलं पाणी बाहेर काढलं, ऑइल तीनदा बदललं, टाकी आणि कार्बोरेटर धुतला, वायरिंगचा एकेक कपलर सोडवून ब्लोअरने वाळवला. त्यानंतर ती दोन वर्षं विनातक्रार पळाली.

२०२३ च्या मार्चमध्ये बाबा गेले. जूनमध्ये गाडीचं 'टक' सुरू झालं.

गाडीला किक नाही. पण उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये ढकलून क्लच सोडला की ती चालू व्हायची. त्यामुळे जो तो बॅटरीवरच ठपका ठेवायचा. गॅरेजमध्ये बॅटरी बदलली, आठ दिवसांत पुन्हा तेच. मग स्टार्टर रिले (सेल दाबल्यावर मोटरला करंट जोडणारा स्विच), मग आर. आर. युनिट (बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा रेग्युलेटर-रेक्टिफायर). साडेपाच हजार गेले आणि या सगळ्या काळात गाडीला एकदाही मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचा मीटर) लागला नाही. माझं स्पष्ट मत आहे: मीटर न लावता पार्ट बदलणाऱ्याच्या दारात गाडी उभी करू नये, तो कितीही जुना मिस्त्री असो. भावोजी घरी आले की विषय निघायचाच. "तेव्हाच सांगितलं होतं." आणि उत्तर द्यायला बाबा नव्हते.

एका रविवारी बाबांचा मीटर घेऊन मीच बसलो. डीसी, २० व्होल्टची रेंज. बॅटरीच्या टोकांवर १२.६. सेल दाबून धरला, गाडीचा डिस्प्ले विझला, आणि हातातला मीटर? १२.५. तिथेच मला उत्तर मिळालं. मोटर खरोखर करंट ओढत असती तर बॅटरी साडेदहा-अकरापर्यंत खाली आली असती. बॅटरी जागची हललीच नाही, म्हणजे करंटला वाटच मिळत नव्हती.

मग काळी पिन बॅटरीच्या मायनसवर आणि लाल पिन इंजिनच्या खरवडून साफ केलेल्या बोल्टवर धरली. चावी बंद असताना शून्य. सेल दाबल्यावर १०.८! हा आकडा ०.२ च्या आसपास हवा. बॅटरीचा जवळजवळ सगळा जोर त्या हातभर तारेतच संपत होता. वेल्डिंग केबलचा एक तुकडा मायनसपासून इंजिनपर्यंत घट्ट जोडला आणि सेल मारला. पहिल्या दाबाला गाडी सुरू.

ती काळी तार काढून आणली. वरून नव्यासारखी, थिंबल (तारेच्या टोकाची बोल्टला लागणारी धातूची कडी) घट्ट. ब्लेडने आवरण चिरलं तर आत वीतभर तांबं काळंठिक्कर, मधेमधे हिरवी भुकटी, बोटाने दाबलं की चुरचुर तुटणारं. अख्ख्या जुडग्यात चार-पाच धागेच काय ते शाबूत होते. पुराचं पाणी थिंबलच्या बाजूने तारांमधून वर चढलं होतं आणि आवरणाखाली दोन वर्षं आपलं काम करत होतं. आम्ही कपलर वाळवले, तारेच्या पोटातलं पाणी मात्र राहून गेलं. चार धाग्यांवर हॉर्न आणि दिवे चालतात, ढकलल्यावर प्लगला लागणारा करंटही मिळतो, पण सेलच्या मोटरला क्षणभर का होईना पन्नास-साठ अँपिअर किंवा त्याहूनही जास्त लागतात, ते कुठून जाणार? नवी जाड तार, नवी थिंबल, वर श्रिंक स्लीव्ह, खर्च दोनशेच्या आत.

भावोजींना चिरलेली तार दाखवली. ते म्हणाले, "म्हणजे पुराचंच निघालं ना?" हो, पुराचंच निघालं. पण एका तारेपुरतं. बाबा बरोबर होते, आणि गाडी आजही रोज माझ्याबरोबर कामावर येते.

तुमच्याबद्दल. नवी बॅटरी टाकताना टर्मिनलचे बोल्ट ढिले राहणं फार कॉमन आहे, तेव्हा आधी ते आवळा. मग वरच्या दोन चाचण्या करा. मायनसच्या बाजूला अर्ध्या व्होल्टच्या वर आलं तर तार किंवा तिचा बोल्ट खराब. तिथे ठीक असेल तर तशीच चाचणी बॅटरीचा प्लस ते स्टार्टर मोटरचं टोक अशी, सेल दाबलेला असताना करा. तिथे जास्त आलं तर रिले किंवा लाल तार. दोन्ही बाजू स्वच्छ निघाल्या आणि सेल दाबल्यावर बॅटरीच धाडकन आठ-नऊवर आली, तर नवी असूनही ती चार्ज नाही किंवा मोटर जाम आहे, आणि तेव्हा तुमचा गॅरेजवाला बरोबर असू शकतो. मोटर फिरते पण प्लगला करंट नाही, हा प्रकार वेगळा. तिथे किल स्विच, साइड स्टँडचा स्विच, प्लग कॅप या क्रमाने बघा.

हे आधी लिहायला हवं होतं: गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, सेल तीन-चार सेकंदांच्या वर दाबू नका, बॅटरी सोडवताना मायनस आधी काढा. फ्यूज उडत असेल तर त्याच्या जागी तार गुंडाळू नका, हार्नेस (गाडीच्या वायरींचा जुडगा) जळतो. गाडी वॉरंटीत असेल तर वायर कापू नका, मीटरवरचे आकडे लिहून सर्व्हिस सेंटरला दाखवा.

आणि कुणाची गाडी पुरात गेली असेल तर भंगारात द्यायची घाई नको. मात्र विमा असेल तर सर्व्हेअर बघून जाईपर्यंत ती उघडू नका, आणि प्लग काढून पाणी बाहेर काढल्याशिवाय सेल तर अजिबात मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि तिथे दोनशे रुपयांत काही होत नाही.