सहा आकडेही डोक्यात राहत नाहीत

प्रश्न : वय ४६, बँकेत ऑफिसर आहे. दीड वर्षापासून शाखेत दोन जागा रिकाम्या आहेत, ते काम माझ्याच गळ्यात पडलंय. मार्च एंडला रात्री नऊला घरी यायचे, पुढेही तेच सुरू राहिलं. आता मोबाइलवरचा ओटीपी कॉम्प्युटरवर टाकेपर्यंत विसरते. नेहमीच्या खातेदाराचं नाव ऐन वेळी सुचत नाही. परवा व्हाउचर पास करताना कुणी हाक मारली. परत स्क्रीनकडे वळले तर काय तपासत होते तेच कळेना. घरी आल्यावर मुलीशी बोलायचंही त्राण नसतं. सासूबाईंना डिमेन्शिया होता, त्यांचं सगळं मीच केलं. मलाही तेच होतंय का? रोज सुडोकू सोडवायला घेते, जमत नाही आणि रडू येतं.
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, आधी ते सुडोकू बंद करा. दिवसभर आकड्यांशी झुंजून दमलेल्या डोक्याला रात्री पुन्हा आकड्यांनाच जुंपायचं, यानं स्मरणशक्ती वाढत नाही.

सासूबाईंचा आजार सुनेला वारशानं येत नाही. पण तो तुम्ही इतक्या जवळून पाहिलाय की साधं नाव अडलं तरी पोटात गोळा येत असणार, हे मला समजतं. पत्रावरून निदान करता येत नाही. तरी एक गोष्ट लक्षात आली : काय विसरलं, केव्हा, कशामुळे तंद्री मोडली, हे तुम्हाला नीट आठवतंय. डिमेन्शियात बहुतेक वेळा विसरल्याचंच भान राहत नाही आणि काळजी घरच्यांना वाटू लागते.

ओटीपीचे आकडे आपण काही सेकंदांपुरतेच धरून ठेवतो. ही जागा मुळातच लहान असते आणि ती सांभाळण्यात कपाळामागच्या मेंदूच्या भागाचा मोठा वाटा असतो. लांबलेला ताण आणि अपुरी झोप यांचा फटका त्या भागाला बसतो. व्हाउचरचंही तसंच. हाक आली की हातातलं काम मनात धरून दुसरीकडे बघायचं आणि परत तिथेच यायचं, ही कसरत आता झेपत नाही. खातेदाराचं नाव मात्र पुसलं गेलेलं नसतं. तो काउंटरवरून गेला की आठवतं, हो ना?

शाखेत काम निभतं, पण दुप्पट जोर लावून. त्याची किंमत संध्याकाळी घरी वसूल होते, म्हणून मुलीशी बोलायला काही शिल्लक उरत नाही. या थकव्याला तुम्ही आळस समजू नका आणि घरच्यांनाही समजू देऊ नका.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउटची, म्हणजे कामाच्या लांबलेल्या ताणानं पार थकून जाण्याची, नोंद कामाशी संबंधित स्थिती म्हणून केली, आजार म्हणून नाही. स्वीडनमध्ये मात्र २००५ पासून ताणातून येणाऱ्या अशा थकव्याचं वेगळं निदान केलं जातं आणि त्याच्या निकषांत एकाग्रतेचा किंवा स्मरणाचा त्रास स्पष्ट लिहिलेला आहे. तिथल्या रुग्णांच्या अभ्यासांतून दिसलेली एक गोष्ट मी माझ्या रुग्णांना आवर्जून सांगते : बाकी थकवा कमी झाला तरी लक्ष आणि स्मरण मागे रेंगाळतं, काहींच्या बाबतीत वर्षानुवर्षं. म्हणून जरा तरतरी आली की लगेच पूर्ण कामावर धावू नका.

याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा. थायरॉईड, बी-१२, हिमोग्लोबिन, साखर तपासून घ्या. शाकाहारी असाल किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असाल तर बी-१२ चुकवू नका. झोपेत घोरता का, पाळी अनियमित झालीय का, मन सतत उदास असतं का, हेही सांगा. या सगळ्यांतही असंच विसरायला होतं. चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. झोपेच्या आणि ॲलर्जीच्या काही गोळ्यांनीही डोकं जड राहतं.

मग रजा. डॉक्टर सांगतील तेवढी घ्या, आणि त्या काळात घरातली साठलेली कामं उपसायला बसू नका. परतल्यावर मॅनेजरांकडे एकच ठाम मागणी करा : व्हाउचर पास करायला ठरावीक वेळ, आणि त्या वेळात काउंटर नाही. चेकरचं, म्हणजे व्हाउचर तपासणाऱ्याचं, लक्ष उडालं तर चूक शाखेच्या हिशेबात उतरते, त्यामुळे यात त्यांचंही हित आहे. कुणी हाक मारली तर वळण्याआधी चिठ्ठीवर एक शब्द लिहा : ‘सही’, ‘रक्कम’, ‘तारीख’, जे तपासत असाल ते. ओटीपी तीन-तीन आकडे करून पुटपुटत टाका. पण दोन माणसांचं काम तसंच राहिलं तर या युक्त्या पुरणार नाहीत, हे मॅनेजरांना लेखी कळवा.

ओळखीच्या रस्त्यावर चुकायला झालं, साधी रोजची कामं अडू लागली किंवा स्वभाव बदलल्याचं घरचे म्हणू लागले, तर न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. बोलणं अचानक अडखळलं किंवा एक बाजू लुळी पडली तर थेट हॉस्पिटल गाठा. आणि जगणं नकोसं वाटलं तर त्याच क्षणी घरच्यांना सांगा किंवा टेली-मानसच्या १४४१६ वर फोन करा. ही सरकारी सेवा मोफत आहे, दिवसरात्र चालते आणि तिथे मराठीत बोलता येतं.