जवळच्या जिल्हा परिषद शाळांची तुलना कशी करावी?

जवळच्या तीन जिल्हा परिषद शाळांमधली कोणती चांगली, हे शिष्यवृत्तीच्या निकालावरून ठरवता येईल का, असं तुम्ही विचारलंय. नुसत्या निकालावरून नाही ठरवता येणार. ती टक्केवारी परीक्षेला बसलेल्या मुलांवर काढलेली असते. समजा दोन शाळांत त्या वर्गाच्या पटावर प्रत्येकी २४ मुलं आहेत. एका शाळेनं त्यातली ६ निवडून बसवली, सहाही पात्र ठरली, की फळ्यावर लागतं '१०० टक्के'. दुसऱ्या शाळेनं २० बसवली, १२ पात्र ठरली, म्हणजे ६० टक्के. पण पटानं भागलंत तर पहिल्या शाळेचे २५ आणि दुसऱ्या शाळेचे ५० टक्के होतात. त्यामुळे नेहमी पटानंच भागा.

पट लहान असेल तर एका वर्षाचा आकडा धरू नका. वर्गात ८ मुलं असली की एकेक मूल साडेबारा टक्क्यांचं होतं. तीन-चार वर्षांची पात्र मुलं आणि त्या वर्षांचा पट, दोन्हींची बेरीज करून मग भागा.

पट आणि शिक्षकसंख्या शाळेच्या ११ अंकी यू-डायस क्रमांकावरून (प्रत्येक शाळेचा सरकारी ओळख क्रमांक) ऑनलाइन मिळते. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत २ शिक्षक आणि ९० पर्यंत ३. मात्र कागदावरचा शिक्षक प्रतिनियुक्तीवर दुसरीकडे असू शकतो, म्हणून वर्गावर रोज कोण उभं राहतं ते शाळेत जाऊन विचारा. दोघांनी पाच वर्ग सांभाळायची शाळा आणि वर्गागणिक शिक्षक असलेली केंद्रशाळा (आसपासच्या शाळांच्या गटातली मुख्य शाळा) यांना एका मापानं मोजणं अन्यायाचं आहे. द्विशिक्षकीची तुलना द्विशिक्षकीशीच करा.

माझ्या मते सगळ्यात खरं मोजमाप वाचनाचं. शाळा व्यवस्थापन समितीत बहुसंख्य पालकच असतात. त्यांच्यामार्फत मुख्याध्यापकांची परवानगी घ्या आणि तिसरीच्या प्रत्येक मुलाला दुसरीच्या पातळीचा, पण पाठ्यपुस्तकाबाहेरचा उतारा एकेकट्याला वाचायला द्या. पुस्तकातला धडा मुलं पाठ म्हणतात, त्यातून काही कळत नाही. जोडीला एक हातच्याची वजाबाकी द्या, ५२ वजा २७ सारखी. तिन्ही शाळांत उतारा तोच, महिनाही तोच ठेवा. जूनमध्ये एक शाळा आणि फेब्रुवारीत दुसरी पाहिलीत, तर फरक शाळेचा की महिन्यांचा हे सांगता येणार नाही.

त्या दिवशी गैरहजर असलेली मुलं सोडून देऊ नका. मागे पडलेली मुलं बहुधा त्यांच्यातच असतात, आणि ती गळाली की शाळा आहे त्यापेक्षा चांगली दिसते. त्यांच्यासाठी आणखी एकदा जा.