सुपरवायझर झाले आणि मुलींनी केसेस सांगणंच बंद केलं

प्रश्न : ताई, मी नाशिकच्या एका संस्थेत नऊ वर्षं काउन्सेलर होते, शाळा आणि वस्ती दोन्हीकडे. जूनपासून मला पाच काउन्सेलरची सुपरवायझर केलंय. दर सोमवारी सगळ्यांना एकत्र बसवते, रजिस्टर बघते, केस ऐकते आणि काय करायचं ते सांगते. सुरुवातीला सगळ्या भरभरून बोलायच्या, आता नुसतं "सगळं ठीक आहे मॅडम". मागच्या आठवड्यात कळलं की एका मुलानं मरायचे विचार येतात असं सांगितलं होतं आणि आमच्या एकीनं ते तीन आठवडे मला सांगितलंच नाही. मी तिला सगळ्यांसमोर झापलं, ती रडायला लागली. माझं चुकलं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : सगळ्यांसमोर बोललात ते चुकलं. भीतीनं बोललात हे कळतंय मला, पण बाकीच्या चौघींनी त्या दिवशी एवढंच घेतलं असणार की अवघड केस मॅडमपर्यंत न्यायची नाही.

पण आधी त्या मुलाचं बघा, आजच. त्या काउन्सेलरला एकटीला घेऊन बसा, मूल आत्ता कुठंय, कुणाबरोबर आहे, कसं करायचं हे त्यानं ठरवलंय का, घरात फवारणीचं औषध हाताशी आहे का, आईवडलांना किती माहितीये, हे सगळं नीट विचारा आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायचं दोघी मिळून ठरवा. घरच्यांकडे टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर असू द्या, तो चोवीस तास चालतो. हे काम तिच्याकडून काढून घेऊ नका, तिच्याबरोबर करा.

आता सोमवारबद्दल. "केस ऐकते आणि काय करायचं ते सांगते" हे तुमचं वाक्य वाचून मला माझंच पहिलं वर्ष आठवलं. एक नवी मुलगी एका बाईची केस घेऊन आली होती, नवरा मारायचा पण बाई घर सोडायला तयार नव्हती, मी पाच मिनिटांत उपाय सांगून मोकळी झाले, तिनं जाऊन माझीच वाक्यं त्या बाईला ऐकवली आणि बाई परत आलीच नाही. त्या बाईसमोर बसल्यावर तुला काय होत होतं, हे मी त्या मुलीला एकदाही विचारलं नव्हतं. मी तिला हुकूम दिला, तिनं तो पुढे दिला. क्लायंट आणि काउन्सेलरमध्ये जे चाललेलं असतं ते सुपरविजनच्या खोलीतही उमटतं, हे हॅरल्ड सर्ल्स या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञानं १९५५ मध्येच लिहून ठेवलंय, आणि माझ्या अनुभवात ते उलट दिशेनंही तितकंच खरं आहे. आपण जसं वागतो तसं त्या पुढे वागतात.

तुम्ही उत्तम काउन्सेलर होतात म्हणून तुम्हाला ही जागा मिळाली, आणि घोळ तिथंच होतो, कारण केस ऐकली की हात शिवशिवतात आणि आपण मनातल्या मनात ती केस स्वतःच चालवायला लागतो. जॅनीन बर्नार्ड यांनी १९७९ मध्ये सुपरवायझरच्या तीन भूमिका मांडल्या, शिक्षक, समुपदेशक आणि सल्लागार. तुम्ही फक्त पहिलीत अडकलायत असं दिसतंय. कधी शिकवावं लागतं, नवीन मुलीला तर नक्कीच, पण कधी नुसतं "त्या क्षणी तुझ्या मनात काय आलं" एवढं विचारून गप्प बसायचं असतं. मात्र तिच्या माहेरच्या जखमा उकरत बसायचं नाही, तिला स्वतःची थेरपी हवी असेल तर ती बाहेरच्या कुणाकडून, तुमच्याकडून नाही.

रजिस्टर, रजा, टार्गेट यांची मीटिंग वेगळी करा. तुम्हीच तिचं अप्रेझल लिहिणार आणि तुमच्यासमोरच तिनं चुका उघड्या करायच्या, हे अवघडच असतं, आणि छोट्या संस्थेत दोन माणसं नेमायला पैसे नसतात हे मला माहितीये, म्हणून निदान दिवस तरी वेगळा ठेवा आणि चूक स्वतःहून सांगितली म्हणून कुणाचं अप्रेझल खराब करणार नाही हा शब्द द्या, आणि पाळा. ब्रिटनच्या बीएसीपी या काउन्सेलरांच्या संघटनेत मान्यताप्राप्त काउन्सेलरला महिन्याला किमान दीड तास सुपरविजन लागतं, म्हणून प्रत्येकीला एकटीला पंधरा दिवसांतून पाऊण तास द्याच.

काही गोष्टींत मात्र विचारविनिमय नाही. जिवाला धोका असेल तर त्याच दिवशी फोन, सोमवारची वाट बघायची नाही. अठराच्या आतल्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं, न कळवणं हा गुन्हा आहे. "हे कुणाला सांगणार नाही" असं सरसकट वचन मुलांना देऊ नका, कोणती गोष्ट सांगावी लागेल ते पहिल्याच भेटीत सोप्या शब्दांत सांगायचं. हे सगळं एका पानावर लिहून पाचही जणींच्या हातात द्या.

आणि जी रडली तिची माफी मागा. बोललात सगळ्यांसमोर, तर माफीही सगळ्यांसमोर. मग एकटीला विचारा, तीन आठवडे ती हे एकटी घेऊन कशी फिरत होती. पुढच्या सोमवारी नऊ वर्षांतली तुमची बिघडलेली एखादी केस सांगून सुरुवात करा, मुलाचं नाव-गाव न सांगता. लगेच कुणी बोलणार नाही, दोन-तीन सोमवार जातील.